रोकोकोचा शेवट क्रांतीच्या कितीतरी आधी झाला होता

तुम्ही विचारलंय की फ्रेंच सलाँमधली, म्हणजे श्रीमंतांच्या बैठकीच्या दालनांमधली, रोकोको सजावट (अठराव्या शतकातली हलकी, वळणदार, शिंपल्या-पानांची शैली) इतक्या झपाट्यानं वर कशी आली, आणि 1789 च्या क्रांतीनं ती संपवली हे बरोबर आहे का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. क्रांती झाली तेव्हा पॅरिसमधला कुणी हौशी श्रीमंत नवी रोकोको खोली करून घेत नव्हता. ती फॅशन जाऊन वीस-पंचवीस वर्षं उलटली होती. ज्यांच्या पैशांवर ही शैली पोसली गेली, त्यांनाच तिचा कंटाळा आला. पण कंटाळा आला तो नक्षीचा. त्या नक्षीच्या आड खोल्यांची जी नवी मांडणी बसली होती, ती मात्र कुणी सोडली नाही. अंतर्सजावटीचं काम करताना आणि शिकवताना हा फरक मला पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

गोष्ट 1715 पासून सुरू करायची पद्धत आहे. चौदावा लुई वारला, गादीवर पाच वर्षांचं पोर, कारभार ओर्लेआँच्या ड्यूककडे. ड्यूकनं दरबार व्हर्सायहून पॅरिसला हलवला, सरदार मोकळे झाले आणि त्यांनी शहरात हौसेची घरं बांधली. हे खरं आहे, पण अर्धं. पहिली चाहूल म्हाताऱ्या राजाच्या हयातीतच लागली होती. नातसून तेव्हा जेमतेम 13 वर्षांची. व्हर्सायच्या प्राणिसंग्रहालयालगतचा छोटा महाल तिच्यासाठी सजवायचा होता. वास्तुविशारद माँसारनं 1699 मध्ये जो आराखडा पुढे ठेवला त्यात देवदेवतांचे गंभीर विषय होते. राजानं शेरा मारला की हे फार भारदस्त झालं, सगळीकडे थोडं बालपण शिंपडलेलं हवं. मग क्लोद ओदराँनं तिथे हलक्याफुलक्या वेलींची, पाखरांची, पोरांची चित्रं काढली. त्याच सुमाराला पिएर लपोत्र हा आरेखक मार्लीच्या राजवाड्यातल्या फायरप्लेस नव्यानं आखत होता. त्यानं वरचा जड दगडी मनोरा काढून टाकला, तिथे उंच आरसा बसवला आणि आरशाची चौकट वरच्या टोकाला वळवली. पुढच्या पन्नास वर्षांची पॅरिसची भिंत या एका बदलातून निघाली असं म्हटलं तरी चालेल.

आता मांडणी. व्हर्सायमधल्या खोल्या एका रांगेत, दारासमोर दार, आणि राजापर्यंत तुम्ही किती दारं ओलांडू शकता यावर तुमची पत ठरायची. अशी खोली बसायला नसतेच. थंडीत तिथे शेकोटीजवळचा माणूस भाजायचा आणि खिडकीजवळचा गारठायचा. पॅरिसमध्ये, विशेषतः सेनच्या डाव्या काठावरच्या सँ-जेर्मँ भागात, जी नवी घरं झाली त्यांत दिखाव्याची दालनं वेगळी ठेवून राहायच्या खोल्या लहान केल्या गेल्या. छत खाली आलं. जेवणाची वेगळी खोली आली. नोकरांसाठी आतून जिने आणि बोळ आले, त्यामुळे बैठकीतून कुणी घमेलं-बादली घेऊन जाताना दिसेनासं झालं. या सगळ्याला त्या काळचे लोक ‘सोय’ म्हणत, आणि वास्तुशास्त्रावर लिहिणारे तिच्याबद्दल पानंच्या पानं लिहीत. राजालाही हे पटलं होतं. 1752 मध्ये पंधराव्या लुईनं व्हर्सायमधला राजदूतांचा प्रसिद्ध संगमरवरी जिना पाडून टाकला आणि त्या जागेत मुलीसाठी खोल्या काढल्या. चौदाव्या लुईच्या वैभवाचा तो सगळ्यात मोठा देखावा होता. एका मुलीच्या खोल्यांसाठी तो गेला!

अशा लहान खोलीत खांब, कमानी, कणखर कॉर्निस हे सगळं अंगावर येतं. म्हणून खांब गेले आणि भिंत चौकटींची झाली. जमिनीपासून छतापर्यंत ओकच्या लाकडाचं पॅनेलिंग. उंच, अरुंद तक्ते. प्रत्येकाला कोरलेली कड. कड वरच्या-खालच्या टोकाला जाऊन वळते, तिथे शिंपला, पान, फूल, पाखराचा पंख असं काहीतरी फुटतं. भिंत आणि छत जिथे भेटतात तिथला कोपरा गोल करून टाकतात, म्हणजे भिंत कुठे संपली हे डोळ्याला नेमकं कळत नाही. मध्ये मध्ये आरसे. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याच्या काळात, 1665 मध्ये, सरकारी आरसे-कारखाना निघाला होता, आणि शतकाच्या अखेरीस सँ-गोबँ इथे काच ओतून मोठाले तक्ते करण्याचं तंत्र बसलं. फुंकून केलेल्या काचेला आकाराची मर्यादा असते; ओतलेल्या काचेनं ती मर्यादा बरीच लांब ढकलली. आरसा खिडकीसमोर किंवा दुसऱ्या आरशासमोर लावायचा, पुढ्यात मेणबत्त्या ठेवायच्या. मधमाश्यांचं मेण महाग होतं, त्यामुळे एका ज्योतीच्या दोन-चार ज्योती करून देणारी भिंत ही चैन होती तशी सोयही होती.

सोनेरी मुलाम्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण फोटो पाहून हे कधीच कळत नाही. लाकडावर कोरीवकाम झालं की त्यावर सरस आणि खडूच्या लेपाचे दहा-बारा हात देतात. एवढ्या लेपानं कोरीवकाम बुजतं. मग दुसरा कारागीर येतो आणि त्या वाळलेल्या खडूत बारीक हत्यारांनी पुन्हा कोरतो: पानाच्या शिरा, पिसाची रेघ, शिंपल्याची घडी. त्यावर तांबूस मातीचा पातळ हात, पाण्यानं ओलावून सोन्याचा वर्ख, आणि मग अकीक दगडानं घोटणं. सगळं घोटत नाहीत. उंचवटे चकचकीत आणि खोलगट भाग मुद्दाम मंद ठेवतात, म्हणून हलत्या ज्योतीत नक्षी जिवंत वाटते. म्हणजे रोकोकोची जी नजाकत आपण वाखाणतो, तिचा मोठा हिस्सा लाकडात नसून खडूत असतो. पुढच्या काळात ‘मूळ लाकूड दिसू दे’ म्हणून ज्यांनी असे तक्ते खरवडून घेतले, त्यांनी शैलीच खरवडून टाकली. तीच गत रंगाची. पांढरं-सोनेरी हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण फिका हिरवा, पिवळा, निळा असे रंगही तेव्हा चालत. पुष्कळ खोल्यांवर पांढरा रंग एकोणिसाव्या शतकात चढला.

एकच खोली बघायची असेल तर पॅरिसच्या मारे भागातल्या ओतेल द सूबीजमधलं (ओतेल म्हणजे सरदाराचा शहरातला वाडा) राजकुमारीचं लंबगोल दालन बघा. साठी उलटलेल्या प्रिन्स द सूबीजनं 1732 मध्ये एका तरुण विधवेशी लग्न केलं आणि घर नव्यानं सजवायला घेतलं. वास्तुविशारद जेर्मँ बोफ्राँ. दोन लंबगोल दालनं एकावर एक: खाली राजपुत्राचं, वर तिचं. वरच्या दालनात आठ कमानी आहेत. काहींत खिडक्या, काहींत दारं, काहींत आरसे. आत उभं राहिलं की खरी खिडकी कुठली आणि आरशातली कुठली, हे क्षणभर लक्षात येत नाही. कमानींच्या वर, भिंत छताला मिळते तिथल्या वेड्यावाकड्या जागांत शार्ल नातुआरनं सायकी या पुराणकथेतल्या नायिकेच्या कथेची आठ चित्रं 1737 ते 1739 या काळात रंगवली. चित्राला सरळ कड अशी नाहीच. चौकट वर चढते, खाली उतरते, आणि तिच्यावरून प्लास्टरच्या सोनेरी जाळीचे हात निळ्या छताच्या मध्याकडे धावतात. वास्तू कुठे संपली, शिल्प कुठे सुरू झालं, चित्र कुठे आलं, हे वेगळं काढता येत नाही. रोकोकोचं यश मी यातच मोजते. शिंपले किती लावले, यात नाही.

याच ठिकाणी एक समज दूर करते. ‘रोकोको म्हणजे असममिती’ असं पुस्तकातून शिकवतात. ट्यूरिनमध्ये जन्मलेला जुस्त-ओरेल मेसोनिए आणि रशियात पीटर द ग्रेटकडे काम करून परतलेला निकोला पिनो यांनी 1730 च्या आसपास एका बाजूला झुकलेली नक्षी आणली, हे बरोबर. पण पॅरिसच्या प्रत्यक्ष खोल्या पाहिल्या तर डाव्या तक्त्याचा झुकाव उजव्या तक्त्यानं तोलून धरलेला दिसतो. नक्षी वाकडी, भिंत समतोल. मेसोनिएची खरी बेबंद कामं बव्हंशी कागदावर, चांदीच्या भांड्यांत आणि परदेशी गिऱ्हाइकांकडे दिसतात: इंग्लंडचा ड्यूक, पोलंडचा सरदार. पॅरिसच्या मालकांना एवढं झेपत नव्हतं. शैली मनसोक्त उधळली ती जर्मनीत; म्युनिकजवळचा आमालियनबुर्ग हा छोटा महाल करणारा फ्राँस्वा क्युव्हिए पॅरिसलाच शिकून गेला होता. गोव्यात अठराव्या शतकातल्या चर्चच्या वेद्यांवर आणि प्रवचनपीठांवर जी शिंपल्या-पानांची सोनेरी नक्षी दिसते, ती पोर्तुगालमार्गे आलेली शाखा. तिचा पॅरिसच्या बैठकीशी थेट संबंध जोडू नका.

फर्निचरकडे या. खुर्च्यांचे दोन वर्ग होते. एक भिंतीलगतचा, त्याची पाठ त्या तक्त्याच्या वळणाशी जुळवून केलेली. तो हलवायचा नाही. दुसरा हलका, खोलीच्या मध्यावर हवा तसा ओढायचा. गप्पांचा फड या दुसऱ्या वर्गावर जमत असे. स्त्रियांचे घागरे तेव्हा आतल्या सांगाड्यांनी दोन्ही बाजूंना फुगलेले असत, म्हणून खुर्चीचे हात पुढच्या पायांच्या रेषेतून मागे सरकवले गेले. पाय वळणदार, गादी भरघोस, पाठ किंचित रेललेली. अंग सैल सोडून बसता येईल अशी खुर्ची युरोपात खऱ्या अर्थानं इथे तयार झाली.

आणि या सगळ्यामागचा व्यापार. पॅरिसमधले कारागीर-संघ फार कडक. सुतारानं ब्राँझ ओतायचं नाही, ब्राँझवाल्यानं लाकडाला हात लावायचा नाही. शार्ल क्रेसाँ या नामवंत फर्निचरकारानं आपल्या कपाटांची ब्राँझ स्वतःच करून घेतली, तर संघानं त्याच्यावर खटले भरले. या भांडणांच्या फटीत मेर्सिए नावाचे दुकानदार शिरले. त्यांना काही बनवायची परवानगी नव्हती, पण सगळं विकायची आणि जोडून घ्यायची होती. लाकूड एकाचं, ब्राँझ दुसऱ्याचं, चिनीमाती तिसऱ्याची, कल्पना दुकानदाराची. एबेर नावाच्या अशाच एकानं 1737 मध्ये फाँतेनब्लोला राणीसाठी जपानी लॅकर (चकचकीत रोगण) लावलेला कमोड, म्हणजे ड्रॉवरचं बुटकं कपाट, पुरवला. जपानहून आलेल्या वस्तूचा लॅकर पातळ कापून काढायचा आणि वळणदार लाकडावर चिकटवायचा, ही करामत बेर्नार फान रिझेनबर्गची. लाझार दुव्होच्या दुकानाची 1748 ते 1758 ची रोजची वही शिल्लक आहे, आणि तिच्यात पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पोंपादूर हिचं नाव सारखं येतं.

हीच शैलीची ताकद आणि इथेच तिची खोट. सूबीजच्या दालनातून एक शिंपला उचलून बाहेर नेला तर तो नुसता शिंपला उरतो. पण दुकानदाराला उचलण्याजोगीच वस्तू हवी असते. छापील नक्षीपुस्तकं निघाली, त्यांवरून आरशाच्या चौकटी, घड्याळं, तपकिरीच्या डब्या, शाईदाण्या निघाल्या. पैसेवाल्या सावकारांच्या घरी ते सगळं एकत्र येऊन बसलं. 1740 च्या दशकापर्यंत टीकाकारांना हसायला पुरेसा माल जमला होता.

त्याआधी सलाँ चालवणाऱ्या बायकांबद्दल एक गोष्ट, कारण ‘रोकोको ही सलाँतल्या स्त्रियांची शैली’ हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलेलं असणार. विदुषींच्या बैठकी आणि कोरीव सोनेरी दालनं एका काळातली, पण एकच नव्हेत. मादाम ज्योफ्राँकडे सोमवारी कलावंत आणि बुधवारी साहित्यिक जेवायला येत. तिचं घर सुखवस्तू होतं, महाल नव्हे. मादाम द्यु देफाँ तर सँ-जोझेफच्या कॉन्व्हेंटमध्ये भाड्यानं राहायची; तिच्या दिवाणखान्याची ओळख होती ती पिवळं रेशीम आणि लालभडक फिती. उलट सूबीजचं दालन तत्त्वज्ञांच्या वादांसाठी प्रसिद्ध कधीच नव्हतं. ज्योफ्राँच्या बैठकीचं जे चित्र सगळीकडे लावतात, व्होल्तेअरचं नाटक वाचलं जातंय आणि पन्नासेक थोर माणसं ऐकतायत, ते लमोनिएनं 1812 मध्ये कल्पनेनं काढलेलं आहे. त्यातली खोली पुरावा म्हणून वापरू नका. स्त्रियांनी या शैलीला काय दिलं असेल तर ती मांडणी: लहान खोली, हलकी खुर्ची, ऐकू येईल एवढं अंतर.

टीकाकारांनी मात्र ‘बायकी’ हा शब्द हत्यार म्हणून वापरला. 1745 मध्ये आबे (धर्मगुरू) लब्लाँनं या सजावटीची टर उडवली, 1747 मध्ये ला फाँ द सँ-येननं तक्रार केली की आरशांनी आणि पॅनेलिंगनं भिंती खाल्ल्या, थोर चित्रांना जागाच उरली नाही, चित्रकार दारावरच्या तुकड्यांपुरते राहिले. ही तक्रार मला पटते. सूबीजमध्येही नातुआरची चित्रं छान असली तरी ती खोलीची चाकरी करतात.

निर्णायक घाव बसला तो घरातूनच. पोंपादूरला आपण रोकोकोची महाराणी समजतो. तिचा धाकटा भाऊ, पुढचा मार्क्विस द मारिन्यी, राजाच्या बांधकाम खात्याचा प्रमुख व्हायचा होता. त्याची तयारी म्हणून 1749 च्या अखेरीस त्याला इटलीला पाठवलं गेलं, आणि सोबतीला कोण? वास्तुविशारद सूफ्लो, आरेखक कोशाँ आणि तोच आबे लब्लाँ. ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं उत्खनन 1738 पासून चालू होतं, पाँपेईचं 1748 पासून. मंडळी 1751 मध्ये परतली ती सरळ रेघ डोक्यात घेऊन, आणि मारिन्यीच्या हाती थेट सरकारी कामांच्या किल्ल्या आल्या. 1754 च्या डिसेंबरात कोशाँनं ‘मर्क्यूर द फ्रान्स’मध्ये सोनारांना उद्देशून एक खोचक विनंतीपत्र छापलं. भांड्याच्या झाकणावर खऱ्याएवढी आटिचोकची भाजी बसवाल तर शेजारी बोटाएवढा ससा ठेवू नका, आणि जे चौकोनी असू शकतं त्याला उगाच पिळू नका, असा त्याचा सूर होता. लोक हसले. सजावटीच्या फॅशनला तात्त्विक विरोध झेपतो, हसू झेपत नाही.

त्यानंतरचा उतार वेगानं झाला. 1756-57 च्या सुमाराला लालिव्ह द ज्युली या श्रीमंत संग्राहकानं ल लोरँकडून जड, चौकोनी, ‘ग्रीक’ थाटाचं लिहायचं मेज करून घेतलं. ते आज पॅरिसजवळच्या शाँतियीच्या संग्रहालयात आहे. बघायला बोजड आहे, पण तेव्हा त्यानं खळबळ उडवली. 1763 मध्ये पॅरिसच्या बातम्या लिहून पाठवणारा ग्रिम लिहितो की पॅरिसमध्ये सगळंच आता ग्रीक झालंय, छानछोकी तरुणांना ग्रीक नक्षीची डबी खिशात नसेल तर लाज वाटते. 1762 मध्ये राजाचा वास्तुविशारद गाब्रिएल यानं व्हर्सायच्या बागेतला ‘पती त्रियानाँ’ हा छोटा महाल आखला, तोही पोंपादूरसाठीच. ती 1764 मध्ये वारली, इमारत 1768 मध्ये पुरी झाली. तिच्या जागी आलेल्या मादाम द्यु बारीनं लूव्हसिएनच्या नव्या मंडपासाठी फ्रागोनारकडून प्रेमाच्या प्रगतीची चित्रमालिका करून घेतली आणि 1773 च्या सुमाराला ती नाकारली. त्या मालिकेच्या जागी व्हिएँ या चित्रकाराची शांत, प्राचीन वळणाची चित्रं लागली. फ्रागोनारचे ते कॅनव्हास आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहेत. नाकारले गेले म्हणून वाचले असंही म्हणता येईल.

हा बदल एकाच वस्तूत बघायचा असेल तर पंधराव्या लुईचं मोठं झाकणाचं मेज बघा. एबेननं ते 1760 मध्ये सुरू केलं, तो मध्येच वारला, रिझनेरनं 1769 मध्ये पुरं केलं. देह अजून वळणांचा, पण नक्षीचा सूर शिस्तीकडे वळलेला. नंतरच्या खुर्च्यांचे पाय सरळ झाले, नक्षी बाणासारखी ताठ झाली. पण लहान खोली राहिली, फायरप्लेसवरचा आरसा राहिला, गादीदार बैठक राहिली. रोकोकोची ‘सोय’ सगळी नव-अभिजात, म्हणजे ग्रीक-रोमन वळणाच्या नव्या, शैलीनं बिनबोभाट पचवली.

नाश कुणी केला, हा वेगळा प्रश्न. चांदी राजानंच वितळवली: सप्तवार्षिक युद्धाच्या खर्चासाठी 1759 मध्ये सरदारांची भांडी टांकसाळीत गेली, आणि फ्रान्समधली या काळची चांदी त्यामुळे दुर्मीळ झाली. क्रांतीनं 1793-94 मध्ये व्हर्सायचं सामान लिलावात काढलं, 17 हजारांहून जास्त लॉट. पुष्कळ घरं त्यानंतरच्या शतकात पडली किंवा बदलली. ओतेल द तूलूझची सोनेरी गॅलरी, वासेच्या कोरीवकामाची, आज बँक ऑफ फ्रान्समध्ये दाखवतात. ती एकोणिसाव्या शतकात जवळजवळ नव्यानं उभारलेली आहे हे लक्षात ठेवून बघा. त्याच शतकात श्रीमंतांना जुन्या पॅनेलिंगचं वेड लागलं, रोथशील्ड मंडळींनी पॅरिसमधले तक्ते थेट इंग्लंडच्या वॉडस्डन मॅनरला नेऊन बसवले. आपल्याकडच्या दुकानांत ‘फ्रेंच’ म्हणून जो जाड सोनेरी सोफा मिळतो, तो या पुनरुज्जीवनाचा नातू आहे, 1735 चा नव्हे. त्यावर सोनं एकाच झळाळीचं असतं, घोटलेलं आणि मंद असा भेदच नसतो. ओळखायची सोपी खूण.

प्रत्यक्ष बघायला जाणार असाल तर पॅरिसमध्ये सूबीज (1808 पासून तिथे राष्ट्रीय अभिलेखागार आहे), व्हर्सायमध्ये राजाच्या खासगी खोल्यांतलं व्हेरबेर्क्तचं कोरीवकाम, शाँतियीत क्रिस्तोफ यूएनं 1737 मध्ये रंगवलेली माकडांची खोली, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये ओतेल द व्हारंजव्हीलची खोली. शेवटच्या ठिकाणी तक्ते दुसऱ्या मापाच्या खोलीत बसवलेत, म्हणून भिंतींची रुंदी आणि खिडक्यांच्या जागा यांवरून मूळ घराचा अंदाज बांधू नका. कोरीवकाम मात्र जवळून बघा, पिनोच्या हाताशी त्याचं नातं सांगतात.